खिशातलं रान: मुलांनी फिरताना गोळा केलेल्या वस्तूंबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

साताऱ्यातली आम्ही काही कुटुंबं सुट्टीच्या दिवशी सकाळी मुलांना घेऊन बाहेर पडतो. कधी यवतेश्वरचा घाट, कधी अजिंक्यताऱ्याचा पायथा, कधी लांब मायणीचा तलाव, तर कधी सांगलीकडच्या पाहुण्यांना गाठून सागरेश्वर. येताना पोरांचे खिसे जड झालेले असतात आणि घरी पोचल्यावर आई-आजी विचारतात, "हे आता ठेवायचं कुठं?" सारखे विचारले जाणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. ती सातारा-सांगली डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहेत. कोकणातल्या किंवा विदर्भातल्या वाचकांनी आपापल्या झाडांप्रमाणे फेरफार करून घ्यावेत.

मुलांना काही उचलूच द्यायचं नाही का?

द्यायचं की. चिंचोका, गारगोटी, शेंग खिशात घालण्यात जी मजा आहे ती नुसतं बघून येत नाही. वस्तू हातात आली की मुलं वास घेतात, हलवून बघतात, आणि मग "हे कुठल्या झाडाचं?" हा प्रश्न आपणहून येतो.

आमची चाळणी साधी आहे. आपसूक गळालेलं हवं, तिथे त्याचा ढीग पडलेला हवा आणि ते कोरडं हवं. या तिन्हीत बसलं तर प्रत्येकाने एकेक नग घ्यावा. फांदीवरून ओरबाडणं, साल सोलणं, दगड उलथणं, बिळात काठी खुपसणं सगळं बंद. जनावराच्या किंवा पाखराच्या अंगाचं काही असेल तर त्याचे नियम वेगळे आहेत, ते पुढे येतील.

कुठून उचललेलं चालतं आणि कुठून नाही?

काय उचललं यापेक्षा कुठून उचललं हे आधी बघा. भारतीय वन अधिनियम १९२७ प्रमाणे राखीव वनातून परवानगीशिवाय वनोपज आणता येत नाही, आणि वनोपजात पानं, फुलं, फळं, बिया, साल सगळं मोडतं. अभयारण्य आणि राष्ट्रीय उद्यानाला वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ लागू होतो आणि तो आणखी कडक आहे. म्हणजे कोयना अभयारण्य, चांदोली राष्ट्रीय उद्यान (२०१० पासून हे दोन्ही मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प) आणि कडेगाव तालुक्यातलं सागरेश्वर, इथून रिकाम्या हाताने परतायचं. "एका बीनं काय होतंय" हा युक्तिवाद प्रत्येकजण करतो आणि गाडीतून उतरणारा प्रत्येकजण एकच बी घेतो.

मग उरलं काय? पुष्कळ उरलं. आपलं किंवा मित्राचं शेत आणि बांध, रस्त्याकडेची झाडं, शाळेचं मैदान, कॉलनीतली बाग, गावाबाहेरचा माळ. रेनट्रीच्या चिकट गोड शेंगा, शिरीषाच्या वाजणाऱ्या शेंगा, गुलमोहोराच्या तलवारी, करंजाच्या चपट्या शेंगा, चैत्रात फुटणारी सावरीची बोंडं, बहाव्याच्या काळ्या दांड्या हे सगळं साताऱ्यात, कराडला, सांगली-मिरजेत रस्त्यावर पडून झाडूबरोबर कचऱ्यात जातं. दुसऱ्याच्या रानात असाल तर मालकाला विचारा. बहुतेक वेळा तो स्वतः दोन जास्तीच्या शेंगा हातात ठेवतो आणि वर चहाला थांबवतो.

जागा वनखात्याची आहे की गायरान की खासगी, हे कळत नसेल तर फोटो काढा आणि पुढे चला.

कासच्या पठारावर खाली पडलेलं फूल उचललं तर चालेल?

नाही, पडलेलंही नाही. कास २०१२ पासून जागतिक वारसा स्थळांच्या यादीत आहे, पश्चिम घाटातल्या ३९ जागांपैकी एक म्हणून. तिथली बंदी पाट्या लावायच्या हौसेपोटी आलेली नाही, तिच्यामागे कारण आहे. जांभ्या दगडावर मातीचा थर जेमतेम बोटभर, काही ठिकाणी तेवढाही नाही. सीतेची आसवं, गेंद, तेरडा यांचं आयुष्य एका पावसाळ्याचं. उगवायचं, फुलायचं, बी टाकायचं आणि वाळून जायचं. फूल खुडलं की पुढच्या वर्षीची बी गेली. टोपली कारवी तर सात वर्षं थांबून फुलते. वायतुऱ्याच्या शास्त्रीय नावातच सातारा आहे, अपोनोगेटॉन सातारेन्सिस, आणि तो सापडतो फार थोड्या सड्यांवर, म्हणजे खडकाळ पठारांवर. असल्या झाडाचा तुरा कुणाच्या वहीत चिकटवायचा म्हणजे फारच झालं.

खाली पडलेलं फूल आहे असं मूल सांगतं तेव्हा ते खरं बोलत असतं. पण मागून येणाऱ्या दहा मुलांना ते फक्त हातातलं फूल दिसतं, आणि त्यांना खाली पडलेली फुलं पुरत नाहीत.

फुलं दाबून वही करायचीच असेल तर घाणेरी आणि पिवळा-नारिंगी कॉसमॉस घ्या. दोन्ही बाहेरून आलेले, माजलेले, रस्त्याकडेला हवे तेवढे. तोडाल तितकं चांगलं. फक्त गाजरगवत मुलांच्या हातात देऊ नका, त्याने कातडीला आणि श्वासाला त्रास होतो. आणि कासला जाण्याआधी बूट-मोजे झाडून घ्या, नाहीतर कॉसमॉसच्या कुसळांना तुम्हीच वरपर्यंत पोचवाल.

मोरपीस घरात ठेवता येतं का? बाकी पिसांचं काय?

आपोआप गळालेलं मोराच्या पिसाऱ्याचं पीस घरात ठेवायला कायद्याची आडकाठी नाही. १९७२च्या कायद्यात त्यापुरती सूट आहे, मात्र परदेशात नेता येत नाही. जत्रेत जुड्या बांधून विकायला येतात त्या आम्ही घेत नाही. कुठली गळालेली आणि कुठली उपटलेली, हे विकणाराही सांगू शकत नाही.

बाकी पाखरांचं मात्र तसं नाही. कायद्यात पीस, अंडं, घरटं, हाड, शिंग, नख, केस सगळ्यांची नावं घेऊन उल्लेख आहे. घुबडाचं, घारीचं, नीलपंखाचं पीस कितीही देखणं असलं तरी पट्टी शेजारी ठेवून फोटो काढा आणि तिथेच सोडा. मुलांना पीस कसं असतं ते हातात घेऊन दाखवायचं असेल तर कोंबडीचं आणा. गावाकडे कुणाच्याही परड्यात मिळतं, आणि पिसाच्या केसांना केस अडकवून ते परत कसं जुळतं ते त्यावरही तितकंच छान दिसतं. साबणाच्या कोमट पाण्यात धुवून सावलीत वाळवा, कारण पिसांत उवा असतात. जिथे एकाच जागी बरीच पाखरं मरून पडलेली दिसतील तिथे काहीच हाताळू नका आणि पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा.

साळिंदराचे काटे सापडले. सांबराचं शिंगही पडलेलं दिसलं. ते तर त्याने स्वतःच टाकलेलं असतं ना?

बरोबर, सांबर आणि चितळाची शिंगं दरवर्षी गळतात आणि नवी येतात. काळविटाची मात्र गळत नाहीत, ती जन्मभराची. सागरेश्वरला हे तिन्ही प्राणी असल्याने तिथे हा फरक मुलांना दाखवायला चांगला. पण गळालेलं शिंग घरी नेणं गुन्हाच आहे. भिंतीवर आजोबांच्या काळातलं शिंग लटकत असेल तर तो वेगळा विषय, त्यासाठी वनखात्याच्या कार्यालयात विचारा. शिंगं रानात वाया जात नाहीत. साळिंदर आणि उंदीर ती कुरतडतात, त्यांना त्यातून चुना मिळतो.

साळिंदराचे काटे डोंगरात सगळ्यात जास्त मोह घालतात. पांढरे-काळे पट्टे, टाचणीसारखं टोक. तेही तिथेच राहू द्या. शिवाय टोक घुसलं तर जखम चिघळते. खवले मांजराचा खवला, बिबट्याचं नख असं काही दिसलं तर हात न लावता जागा लक्षात ठेवा आणि वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. तिथे शिकारी येऊन गेलेला असू शकतो.

सुगरणीचं रिकामं घरटं वाऱ्याने खाली पडलं होतं. आणलं. चूक झाली का?

घरटीही त्याच कायद्यात येतात, त्यामुळे पुढच्या वेळी तिथेच सोडा. ते रिकामं आहे हे आपल्याला वाटतं. अर्धवट सोडलेल्या घरट्यांत मुनिया मुक्काम करताना दिसतात. आणि आतल्या गवतात पिसवा-गोचिडांची वस्ती असते, ती दिवाणखान्यात सोडायची काही गरज नाही. विहिरीवरच्या बाभळीखाली उभं राहून मुलांना नराचं विणकाम बघू द्या, पावसाळ्यात तासभर सहज जातो.

सापाची कात?

बघायची, हात न लावता. कात साबूत असेल तर डोळ्यांवरची पारदर्शक झाकणंसुद्धा दिसतात. पण कात पडली म्हणजे साप इथून गेला आहे, आणि फार लांब गेला असेलच असं नाही. कपाटात कात ठेवली की पैसा येतो ही समजूत आमच्याही घरांत आहे. आला असता तर सर्पमित्र सगळ्यांत श्रीमंत असते.

दगडांखाली, जांभ्याच्या खबदाडात फुरसं आणि विंचू असतात. दगड उचलायचाच असेल तर मोठ्या माणसाने, आणि पलीकडची कड उचलून आपल्याकडे कलता, म्हणजे आत जे असेल ते पलीकडच्या बाजूला जाईल. चावलंच तर आवळून दोरी बांधणं, कापणं, चोखणं काही करू नका. तो हात-पाय हलू न देता १०८ला फोन करा किंवा थेट सरकारी रुग्णालय गाठा. लाल विंचवाला हलकं समजू नका. लहान मुलांत त्याचं विष हृदयावर जातं.

कुठल्या बिया मुलांच्या हातात द्यायच्या नाहीत?

हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे, कारण सगळ्यात देखण्या बियाच सगळ्यात विषारी निघतात.

गुंज. लाल, काळा ठिपका. सोनाराच्या तराजूत आठ गुंजांचा एक मासा धरत, त्यामुळे जुन्या घरांत डबीत आजही असते. कवच अखंड असेल तर बी पोटातून तशीच बाहेर पडूही शकते, पण चावली किंवा फुटली तर जिवावर बेतते. गुंजेला भोक पाडून माळ करणं हा सगळ्यात वाईट उद्योग, कारण कवच तुम्हीच फोडलेलं असतं.

बिट्टी, म्हणजे पिवळी कण्हेर. तिच्या त्रिकोणी फळातली बी घेऊन आपण सगळे लहानपणी खेळलो. ती हृदयावर काम करणारं विष आहे. आमच्या पिढीतली मुलं वाचली, याचा अर्थ बी निरुपद्रवी आहे असा नाही.

मोगली एरंड. कुंपणाला लावतात. याची बी चवीला बरी लागते, आणि म्हणूनच शाळेतली मुलं एकदम पाच-सहा जणं उलट्या होऊन दवाखान्यात जातात. साध्या एरंडाची ठिपक्या-ठिपक्यांची बी त्याहून घातक. धोतऱ्याचं काटेरी बोंड वाळल्यावर सुंदर दिसतं, पण आतल्या बिया घरात सांडू देऊ नका. कळलावीची मुळी, फूल सगळंच विषारी. रुईचा चीक डोळ्यात गेला तर डोळा धरतो. बिब्ब्याचं तेल अंगावर उततं, आणि काहींना नुसत्या झाडाखाली बसूनही.

यातलं काही खाल्ल्याची शंका आली तर मुलाला जबरदस्तीने ओकारी काढायला लावू नका. दूध-तूप पाजत बसू नका. उरलेली बी किंवा शेंग बरोबर घेऊन दवाखान्यात जा. डॉक्टरला "लाल बी होती" यापेक्षा बी स्वतः जास्त सांगते. गुंजेचा आणि एरंडाचा त्रास काही तासांनी सुरू होतो, त्यामुळे मूल आत्ता खेळतंय म्हणून वाट बघू नका.

खुशाल द्या अशा बिया: चिंचोके, सागरगोटे, आंब्याची कोय, बेहडा, शिकेकाईची शेंग, रिठा (डोळ्यात फेस जाणार नाही हे बघून), सीताफळाची बी (हिची पूड मात्र करायची नाही, डोळ्याला फार वाईट). तीन वर्षांखालच्या मुलाच्या हाती यातली एकही नको, कारण चिंचोकाही घशात अडकतो.

खाजकुयली लागली. काय करू?

चोळू नका. पाणीही लगेच ओतू नका. आधी चिकटपट्टी लावून उपटा, दोन-चार वेळा, म्हणजे बारीक लव निघून येते. मग साबणाने धुवा, कपडे वेगळे धुवा. हिवाळ्यात वाळलेल्या मखमली शेंगा दिसतात त्या ह्याच, आणि वारा आला तरी लव उडते. मुलांना दुरून ओळखायला शिकवा.

कृष्णेच्या काठचे शिंपले आणायला जाऊ का?

माहुलीला, कृष्णा-वेण्णेच्या संगमावर, उन्हाळ्यात पाणी उतरलं की गोड्या पाण्यातले शिंपले वाळूत मिळतात. आतून मोत्यासारखा रंग असलेले. ते आणायला हरकत नाही, फक्त रिकामे असावेत. दोन्ही पाकळ्या घट्ट मिटलेल्या असतील तर आत जीव आहे, परत पाण्यात.

दोन गोष्टी मात्र विसरू नका. धोम, कण्हेर, उरमोडी या धरणांतून पाणी सोडलं की पात्र बघता बघता भरतं, आकाशात ढग नसला तरी. भोंगा ऐकू आला किंवा पाणी गढूळ होऊन वाढताना दिसलं की वस्तू टाका आणि वर या. आणि सांगली जिल्ह्यात, भिलवडी-औदुंबरच्या बाजूला, कृष्णेत मगरी आहेत. थंडीत त्या काठावर ऊन खायला येतात. तिथे मुलांनी पाण्याच्या कडेने शिंपले वेचणं हा विचारच नको. घाटावरून बघा, दुर्बीण असेल तर मगरच बघा.

शिंपले साबणाच्या पाण्यात रात्रभर भिजवून जुन्या दातब्रशने घासावेत आणि उन्हात कडक वाळवावेत. वास येत राहिला तर आत काही अडकलेलं असतं.

गोगलगायीचा शंख रिकामा आहे हे कसं ओळखायचं?

पावसाळा संपला की गोगलगाई शंखात शिरून तोंडावर पांढरट पापुद्रा ओढून घेतात आणि पुढच्या पावसापर्यंत झोपतात. झाडाच्या खोडाला, भिंतीला चिकटलेला शंख म्हणजे बहुधा झोपलेली गोगलगाय. तोंड उघडं, आत उजेड दिसतो आणि वजन पिसासारखं असेल तरच तो रिकामा. हाताळल्यावर हात साबणाने धुवायचेच, गोगलगाईंच्या चिकट द्रवातून जंतू येतात.

दगड किती आणायचे?

एक मूल, एक दगड, आणि तो स्वतः उचलून घरापर्यंत आणायचा. या एका अटीने मोठे दगड आपोआप जागेवर राहतात.

आपला सगळा सह्याद्री सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा, म्हणजे काळा बेसॉल्ट. त्यात वायूचे बुडबुडे अडकून पोकळ्या राहिल्या आणि मागाहून त्यांत पाण्यातून गारगोटी, कॅल्साइट, झिओलाइटचे स्फटिक वाढले. म्हणून साध्या काळ्या दगडाच्या पोटात चमकणारं काही सापडतं. वरच्या सड्यांवर त्याच बेसॉल्टचा पाऊसपाण्याने झालेला तांबडा जांभा. दोन्हींचा एकेक तुकडा शेजारी ठेवला की घाट चढताना आपण कशावरून कशावर गेलो ते मुलांना समजतं.

स्फटिक असलेला दगड गरम पाण्यात किंवा व्हिनेगरमध्ये घालू नका, कॅल्साइट विरघळतं आणि झिओलाइट तडकतं. मऊ ब्रश आणि साधं पाणी पुरे. हातोडीने फोडायचा मोह आवरा. फोडणारच असाल तर मोठ्याने, चष्मा लावून. नदीतला गोटा शेकोटीत कधीच टाकू नका, आत मुरलेल्या पाण्याची वाफ होऊन तो फुटतो. चालू किंवा बंद दगडखाणीत मुलांना नेऊ नका, कडे सैल असतात आणि पाणी खोल.

किल्ल्यावर खापराचा तुकडा, जुनं नाणं मिळालं तर?

जागेवर ठेवा. किल्ल्याच्या तटाचे चिरे, वीरगळीचे तुकडे, खापरं यांचा अर्थ ती जिथे पडली त्या जागेत असतो. जमिनीत सापडलेलं नाणं किंवा दागिना तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं बंधनकारक आहे, १८७८च्या निखात निधी कायद्याने, आणि त्यातली किमतीची मर्यादा आजही दहा रुपयांची आहे, त्यावरचं सगळं कळवायचं.

देवराईतून काही आणायचं का?

कोयनाखोऱ्यात आणि जावळीत जुन्या माणसांना विचारा. देवाच्या रानातली वाळकी काटकीसुद्धा चुलीला नेत नाहीत. आपण पाहुणे, त्यांची रीत पाळायची.

फांदीबरोबर आमरी (झाडावर वाढणारं ऑर्किड) खाली पडली होती. ती तरी वाचवायला घरी आणू?

पावसात फांदी मोडते आणि सीतेची वेणी जमिनीवर येते, हे बघून जीव हळहळतो. तरी घरी नको. त्याच झाडाच्या किंवा शेजारच्या झाडाच्या बेचक्यात सुती दोरीने बांधा, सावलीच्या बाजूला. घरच्या गॅलरीत बहुतेक आमऱ्या दोन उन्हाळ्यांत जातात.

घरी आल्यावर पहिलं काय करायचं?

पिशवी ओट्यावर नको, गॅलरीत किंवा अंगणात वर्तमानपत्रावर ओता. हात साबणाने, नखांसकट. मुलांच्या कानामागे, काखेत, मोज्यांच्या कडेला गोचीड आहे का बघा. मग एकेक वस्तू आपटून घ्या. मुंग्या, भुंगे, कोळी निघायचे ते तिथेच निघतात. ओलं असेल ते प्लास्टिकच्या पिशवीत ठेवू नका, सकाळपर्यंत बुरशी आलीच.

वाळवायचं कसं? आमच्याकडे पावसाळ्यात काहीच वाळत नाही.

आपला जिल्हा विचित्र आहे. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलीमीटरच्या आसपास पाऊस आणि त्याच जिल्ह्यातल्या माण तालुक्यात ५००च्या आसपास. दहिवडीच्या आत्याकडे शेंग दोन दिवसांत कडकडीत होते, मेढ्याला तीच शेंग दोन आठवड्यांनी हिरवी पडते. म्हणून पश्चिमेकडच्यांनी जून ते सप्टेंबर फक्त फोटो आणि चित्रं यावर भागवावं, गोळा करायचा हंगाम दिवाळीनंतरचा.

पानं-फुलं वर्तमानपत्राच्या घड्यांत, एकमेकांवर येणार नाहीत अशी, वर जड पुस्तकं किंवा पाटा. पहिले चार दिवस रोज कागद बदलायचा. आळशीपणाने कागद न बदलल्यानेच पानं काळी पडतात. घाई असेल तर दोन कागदांमध्ये ठेवून मंद इस्त्री, वाफ बंद करून.

पिंपळाचं जाळीदार पान: पान पाण्यात तीन-चार आठवडे भिजत ठेवा, अधूनमधून पाणी बदला, मग गर मऊ ब्रशने हलकेच सोडवा. भांड्याला झाकण हवंच, नाहीतर पानाआधी डासांच्या अळ्या तयार होतात आणि डेंग्यूची फवारणीवाली मंडळी तुम्हाला सुनावून जातात.

शेंगा आणि बिया सुपात पसरून चार-पाच कडक उन्हं द्या.

डब्यात भुंगे झाले. डांबर गोळ्या टाकू का?

डांबर गोळ्या मुलांच्या वस्तूंत नकोत. गोळी खाल्ली गेली तर रक्तावर परिणाम होतो आणि काही मुलांना नुसत्या वासानेही त्रास होतो. वाळवलेल्या बिया घट्ट पिशवीत घालून आठवडाभर फ्रीजरमध्ये ठेवा, आतले भुंगे आणि अंडी मरतात. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका, खोलीच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर बियांवर दव धरतं. पेरायच्या बिया मात्र वेगळ्या ठेवा, त्या सगळ्यांना ही थंडी मानवतेच असं नाही. वाळका कडुलिंबाचा पाला धान्यात घालतात तसा डब्याच्या तळाशी घालायला हरकत नाही, पण एकट्या त्याच्या भरवशावर राहू नका.

डबे कुठले घ्यायचे?

कंदी पेढ्यांची खोकी प्रत्येक सातारकराच्या घरी असतात आणि प्रत्येकाला हीच कल्पना सुचते. पण पुठ्ठ्यात खव्याचा तुपकटपणा आणि साखर मुरलेली असते. मुंग्या येतात, मग झुरळं येतात. पारदर्शक झाकणाचे प्लास्टिकचे डबे किंवा काचेच्या बरण्या बऱ्या. नव्या बुटांच्या खोक्यातल्या ओल शोषणाऱ्या पुड्या त्यात टाका, त्या मुलांच्या तोंडात जाणार नाहीत अशा बेताने.

आणि चिठ्ठी. डब्याहून चिठ्ठी महत्त्वाची. तारीख, गाव आणि जागा, कुठल्या झाडाखाली, कुणी उचललं, एवढं पेन्सिलीने. शाई ओल लागली की पसरते. "शेंग" एवढंच लिहिलेला डबा वर्षभराने कुणालाच काही सांगत नाही; "मेथी-हरभऱ्याच्या बांधावरचा करंज, अंगापूर, माघ" असं लिहिलेली तीच शेंग आजोबांनाही बोलतं करते. झाडाचं नाव माहीत नसेल तर जागा मोकळी सोडा, चुकीचं लिहू नका. नाव शोधायला फोटो आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर टाकता येतो. दुर्मिळ जातींची नेमकी जागा तिथे झाकली जाते. समाजमाध्यमांवर मात्र वायतुऱ्याचा किंवा कंदीलपुष्पाचा नेमका पत्ता कधी टाकू नका, दुसऱ्या दिवशी कंद उपटायला माणसं हजर असतात.

शाळेने पन्नास प्रकारची पानं आणायला सांगितली आहेत.

बाईंशी बोला. पन्नास मुलं पन्नास पानं म्हणजे एका रविवारी अडीच हजार, आणि त्यांतली निम्मी चिकटवताना फाटतात. त्याऐवजी एकाच झाडाची वर्षभरातली पानं, कोवळं, जून, किडलेलं, गळालेलं, अशी वही सुचवा. पिंपळ किंवा कुसुंब घेतला तर पालवीचा तांबडा रंगही येतो. आमच्या अनुभवात शिक्षक नाही म्हणत नाहीत, त्यांनाही तीच पन्नास पानं तपासून कंटाळा आलेला असतो.

जमवलेल्या बियांचे गोळे करून डोंगरावर टाकायचे का?

कास, चाळकेवाडीसारख्या सड्यांवर मुळीच नाही. ते उघडे-बोडके दिसतात म्हणून आपल्याला दया येते, पण ते तसेच असायला हवेत. तिथली फुलं उघड्या उन्हातली आहेत. झाडाची सावली आली की ती गेली. बिया लावायच्या तर स्वतःच्या बांधावर, खड्डा करून, पाणी घालण्याची तयारी ठेवून.

मूल रडतं, सोडायलाच तयार नसतं.

त्याला फोटो काढू द्या, फोन त्याच्याच हातात देऊन. शेजारी नाणं ठेवायला सांगा, म्हणजे आकार कळतो. बरीच मुलं फोटो झाला की वस्तू विसरतात. उरलेल्यांना तिथेच बसून वहीत चित्र काढायला पाच मिनिटं द्या. तरीही रडलं तर रडू द्या, गाडीत बसल्यावर भेळ मिळाली की थांबतं.

घरातला पसारा फार झाला. नको असलेल्या वस्तू कुठे टाकायच्या?

वर्षातून एकदा, पावसाआधी, मुलांनाच निवडायला बसवा. दगड जिथले तिथे परत. विषारी बी चुकून आलेली असेल तर कागदात गुंडाळून कचऱ्यात, अंगणात फेकायची नाही, कारण ती उगवते. भुंगे लागलेली शेंग जाळून टाका, बिबा सोडून. त्याचा धूरही अंगावर येतो. कॉसमॉस आणि घाणेरीच्या बिया कंपोस्टमध्ये घालू नका. चिंचोके कुणी मागितले तर आजीला द्या, भाजून खायला.